गोल्फ : पहिला धडा प्रशिक्षकाकडूनच का घ्यावा?

टोकिओ ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी महिला गोल्फची अखेरची फेरी सुरू होती, तेव्हा आयुष्यात कधी गोल्फची स्टिक हातात न धरलेले असंख्य भारतीय सकाळपासून दूरचित्रवाणीसमोर बसले होते. अदिती अशोकचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. पदक मिळाले नाही. पण गोल्फ हा केवळ निवृत्त अधिकारी आणि उद्योगपतींचा विरंगुळा नाही, हे त्या सकाळी अनेकांना प्रथमच जाणवले.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा आहे. मुंबईचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब आणि पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे गोल्फ मैदान हीदेखील जुनी नावे आहेत. नवी मुंबईत खारघरच्या डोंगराच्या कुशीत सिडकोने गोल्फ मैदान विकसित केले आहे. मैदानावर सदस्यत्वाशिवाय खेळणे अनेक ठिकाणी आजही कठीण असले, तरी चेंडू मारण्याचा सराव करण्याच्या जागा, म्हणजे ड्रायव्हिंग रेंज, नवख्यांना तुलनेने सहज उपलब्ध होतात.

अशा रेंजवर प्रथमच आलेल्या माणसाच्या मनात एक शंका हमखास असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू गल्लीतली मुलेसुद्धा न शिकता टोलवतात. मग जमिनीवर निमूट पडलेला चेंडू मारण्यासाठी शिकवणी कशाला हवी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र या खेळाच्या एका विचित्र स्वभावात दडलेले आहे. गोल्फमध्ये चूक झाल्याचे चेंडू लगेच सांगतो, पण ती कोणती हे सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे, चेंडूकडे पाहून माणूस स्वतःच्या बुद्धीने जी दुरुस्ती करतो, ती बहुतेक वेळा मूळ चूक वाढवते. सुरुवातीलाच दुसऱ्याच्या जाणत्या डोळ्यांची गरज लागते ती यासाठी.

खेळाची मोजमापे

गोल्फच्या पूर्ण फेरीत १८ होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी' या ठिकाणाहून होते. तिथून 'फेअरवे' या कापलेल्या हिरवळीवरून, वाळूचे खड्डे आणि पाणी टाळत, 'ग्रीन' या अगदी बारीक कापलेल्या गवतावर पोहोचायचे आणि तिथल्या भोकात चेंडू घालायचा. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वाचार इंच. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन कमाल ४५.९३ ग्रॅम. सर्वांत कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणारा विजयी.

चेंडू मारण्याच्या साधनाचे अधिकृत नाव 'क्लब'; बोलताना आपल्याकडे 'स्टिक' असेही म्हणतात. एका फेरीत जास्तीत जास्त १४ स्टिक जवळ बाळगता येतात. लांब फटक्यासाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी वेगवेगळ्या क्रमांकांच्या आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी वेज आणि ग्रीनवर चेंडू घरंगळवण्यासाठी पटर अशी ही विभागणी असते. प्रत्येक स्टिकच्या पात्याला ठरावीक कलता कोन दिलेला असतो. ड्रायव्हरचा तो साधारण ९ ते १२ अंश, तर पिचिंग वेजचा ४५ अंशांच्या आसपास असतो. चेंडू किती उंच जाणार हे मुख्यतः हा कोन ठरवतो. पुढे येणाऱ्या अनेक चुकांचे मूळ या साध्या गोष्टीच्या अज्ञानात असल्याने ती इथेच ध्यानात ठेवलेली बरी.

चेंडू फसवतो कसा?

नवख्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे 'स्लाइस'. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू सरळ निघाल्यासारखा वाटतो आणि मग हवेत वळसा घेऊन उजवीकडच्या झाडीत जातो. तो पाहून कोणीही शहाणा माणूस करील तेच हा खेळाडू करतो. पुढच्या वेळी तो थोडा डावीकडे तोंड करून उभा राहतो. परिणाम उलटा होतो आणि चेंडू आणखी जोरात उजवीकडे वळतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. चेंडू हवेत किती वळणार, हे स्टिकचे पाते आणि स्टिकचा प्रवासमार्ग यांच्यातील कोनावर अवलंबून असते. स्टिक उजवीकडून डावीकडे चेंडूला कापत जात असेल आणि पाते त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे असेल, तर चेंडूला तिरपी फिरकी मिळते व तो उजवीकडे वळतो. खेळाडू डावीकडे तोंड करून उभा राहिला, की स्टिकचा मार्ग आणखी डावीकडे जातो. पाते मात्र लक्ष्याकडेच राहते. दोहोंतील कोन वाढतो आणि फिरकीही वाढते. म्हणजे रोग आणि औषध एकच होऊन बसते. या चक्रात काही जण वर्षानुवर्षे अडकलेले आढळतात. त्यांचा प्रामाणिकपणा किंवा मेहनत कमी नसते. त्यांना फक्त स्वतःचे पाते दिसत नसते.

ते दिसणे शक्यही नसते. स्टिक वरून खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत साधारण पाव सेकंद लागतो आणि प्रत्यक्ष आघात सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागात उरकतो. एवढ्या वेळात पाहणे, समजणे आणि हात सुधारणे मानवी शरीराच्या आवाक्याबाहेरचे आहे. चूक झाली असेल तर ती फटक्याआधीच, म्हणजे पकड, उभे राहण्याची पद्धत, नेम आणि स्टिक मागे नेण्याची रीत यांत झालेली असते. तिथली तीन अंशांची चूक दोनशे मीटरवर सुमारे साडेदहा मीटरची होते. हवेतील वळसा त्यात धरलेला नाही.

दुसरा सार्वत्रिक दोष म्हणजे चेंडूच्या डोक्यावर स्टिक लागून तो जमिनीवरून सरपटत जाणे. 'मान वर केलीस' असे निदान बाजूला उभा असलेला प्रत्येक मित्र करतो. बहुतेकदा मान वर होणे हा परिणाम असतो, कारण नव्हे. चेंडू उंच जावा म्हणून नवखा खेळाडू तो खालून उचलायला जातो. उचलताना हात आखडतात, शरीर उभे होते आणि स्टिक चेंडूच्या वरच्या भागाला लागते. चेंडू उचलण्याचे काम पात्याचा कोन करतो, खेळाडूने ते करायचे नसते. आयर्नचा फटका तर किंचित खाली उतरत्या मार्गाने, आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. चेंडू वर जाण्यासाठी खाली मारायचे, ही गोष्ट सहजबुद्धीला पटत नाही. कोणीतरी ती करवून घ्यावी लागते.

रेंजवर अंथरलेली कृत्रिम चटई या फसवणुकीत भर घालते. स्टिक चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागली, तर मैदानावरच्या गवतात ती रुतते आणि चेंडू जेमतेम पुढे जातो. चटईवर मात्र स्टिक घसरून पुढे जाते व चेंडू बऱ्यापैकी उडतो. रेंजवर छान खेळणारा माणूस मैदानावर गेल्यावर गोंधळतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. जाणता प्रशिक्षक चटईवरच्या आघाताचा आवाज ऐकूनही ही चूक ओळखतो.

क्रिकेटची सवय

आपल्याकडे गोल्फ शिकायला येणारा बहुतेक प्रौढ माणूस मनाने क्रिकेटपटू असतो. त्याचा काही बाबतींत फायदा होतो. हात आणि डोळे यांचा मेळ तयार असतो आणि चेंडूवरची नजर पक्की असते. खुद्द कपिल देव क्रिकेटनंतर गोल्फमध्ये रमले, ते उगाच नव्हे. पण बॅटच्या काही सवयी स्टिकला मारक ठरतात.

फलंदाज चेंडूच्या दिशेने पाय टाकून त्याला सामोरा जातो. गोल्फमध्ये चेंडू जागेवर असतो. त्याच्याकडे झेपावले की स्टिकच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू सरकतो आणि आघात बिघडतो. मिडविकेटवरून षटकार खेचताना उजव्या हाताच्या फलंदाजाची बॅट आडवी, बाहेरून आत येते. गोल्फमध्ये हाच मार्ग स्लाइसचा जनक आहे. बॅटची मूठ बरेच जण तळहातात घट्ट आवळतात. गोल्फची पकड प्रामुख्याने बोटांत असते आणि दोन्ही हात एकमेकांत गुंफून एक होणे अपेक्षित असते. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवण्याची जी पकड आज सर्वाधिक प्रचलित आहे, ती ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या दिवशी ही पकड कमालीची अवघड वाटते आणि बॅटची पकड सोयीची वाटते. एकट्याने शिकणारा माणूस स्वाभाविकपणे सोयीची पकड निवडतो.

आणखी एक प्रश्न नवख्याच्या लक्षातही येत नाही. उजव्या हाताने लिहिणारे, गोलंदाजी करणारे अनेक जण डाव्या बाजूने फलंदाजी करतात. त्यांनी गोल्फ कोणत्या बाजूने खेळावा? एकदा संच खरेदी केल्यावर हा निर्णय बदलणे महागात पडते. अर्ध्या तासाच्या पाहणीत प्रशिक्षक तो लावू शकतो.

सवय लागण्यापूर्वी

'आधी थोडे स्वतः खेळून पाहू, जमले तर शिकवणी लावू' हा विचार व्यवहारी वाटतो. पण गोल्फमध्ये तो उलटा पडतो. शरीर चुकीची आणि बरोबर हालचाल सारख्याच निष्ठेने शिकते. तीन महिने चुकीच्या पकडीने चेंडू मारल्यावर तीच पकड 'नैसर्गिक' वाटू लागते. मग प्रशिक्षकाला आधी जुने पुसावे लागते आणि नंतर नवे लिहावे लागते. त्या मधल्या काळात खेळ पूर्वीपेक्षाही वाईट होतो. अनेक जण याच टप्प्यावर धीर सोडतात.

रुळलेला स्विंग बदलणे किती अवघड असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण टायगर वुड्सचे आहे. १९९७ साली त्याने मास्टर्स स्पर्धा तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली आणि त्यानंतर प्रशिक्षक बुच हार्मन यांच्या साहाय्याने आपल्या स्विंगची पुनर्बांधणी सुरू केली. १९९८ च्या संपूर्ण वर्षात अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याला केवळ एक विजेतेपद मिळाले. बदल अंगवळणी पडल्यावर १९९९ मध्ये आठ आणि २००० मध्ये नऊ विजेतेपदे आली. ज्याचा पूर्ण दिवस सरावातच जातो अशा असामान्य खेळाडूलाही जुनी हालचाल बदलायला वर्षाहून अधिक काळ लागला. आठवड्यातून दोन तास काढणाऱ्या नोकरदाराने मुळात चुकीची सवय लावून न घेणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

जॅक निक्लॉसची रीतही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९५० मध्ये, दहाव्या वर्षी, तो ओहायो राज्यातील कोलंबस येथे जॅक ग्राऊट या प्रशिक्षकाकडे शिकू लागला. पुढे त्याने १८ प्रमुख स्पर्धा जिंकल्या, पण हंगामाच्या प्रारंभी ग्राऊट यांच्याकडे जाऊन पकड आणि उभे राहण्यापासून सारे नवख्याप्रमाणे तपासून घेण्याचा शिरस्ता त्याने मोडला नाही. भारताचा अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. पुण्यात जन्मलेल्या या खेळाडूच्या वाटचालीत प्रशिक्षक विजय दिवेचा यांचे मार्गदर्शन अनेक वर्षे मोलाचे राहिले आहे.

शिकवणीविना घडलेले खेळाडू

याला अपवाद आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. अमेरिकेच्या बब्बा वॉटसनने आपण कधीच रीतसर शिकवणी घेतली नसल्याचे सांगितले आहे. त्याने २०१२ आणि २०१४ मध्ये मास्टर्स जिंकली. आपल्याकडे अली शेर यांचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. कॅडी म्हणून इतरांच्या बॅगा वाहणाऱ्या या खेळाडूने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये ती पुन्हा जिंकली. भारतीय गोल्फमध्ये कॅडींमधून पुढे आलेल्या व्यावसायिकांची मोठी परंपरा आहे.

मात्र त्यांना शिकवणी नव्हती, हे अर्धेच सत्य आहे. कॅडी मुलगा लहानपणापासून रोज मैदानावर असतो. तो चांगले आणि वाईट असे हजारो स्विंग जवळून पाहतो. कोणत्या स्विंगमधून कोणता चेंडू निघतो हे त्याच्या डोळ्यांत भरते. मिळेल त्या एका स्टिकने तो सर्व प्रकारचे फटके मारून पाहतो. लहान वयात शरीर अनुकरणाने शिकते. ही सारी एक दीर्घ शाळाच असते, फक्त तिचे शुल्क पैशांत नसते. पस्तिशीत खेळ सुरू करणाऱ्या माणसाकडे ती वर्षे नसतात. ती उणीव थोड्या प्रमाणात का होईना, प्रशिक्षकाच्या अनुभवी डोळ्यांनी भरून निघते.

फुकटचे सल्ले

गोल्फ मैदानावर सल्ल्यांचा तुटवडा कधीच नसतो. त्यात आता मोबाइलवरील चित्रफितींची भर पडली आहे. त्यांतील अनेक चित्रफिती जाणकारांनी तयार केलेल्या असतात. अडचण त्यांच्या दर्जाची नाही. औषध उत्तम असले तरी रोग कोणता हे ठाऊक नसेल तर ते अपायकारक ठरते. चेंडू उजवीकडे वळणाऱ्यासाठी सांगितलेला उपाय चेंडू डावीकडे वळणाऱ्याने केला, तर त्याचा दोष दुप्पट होईल. शिवाय सोमवारी एक सल्ला, बुधवारी दुसरा आणि रविवारी मैदानावर मित्रांचे तीन, असे झाल्यावर चेंडूसमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यात इतक्या सूचना गर्दी करतात, की हात हलेनासे होतात.

जुन्या पुस्तकांवर विसंबणेही सावधपणे हवे. चेंडू स्टिकच्या प्रवासमार्गाच्या दिशेने निघतो, असे अनेक वर्षे शिकवले जाई. रडारवर आधारित मापनयंत्रे आल्यानंतर स्पष्ट झाले, की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यत्वे पात्याचे तोंड ठरवते. स्वतःला अद्ययावत ठेवणारा प्रशिक्षक हा फरक जाणतो.

खेळाच्या नियमांनीही सल्ल्याला वेसण घातली आहे. स्पर्धेच्या फेरीत खेळाडू आपल्या कॅडीखेरीज, आणि जोडीने खेळत असल्यास जोडीदाराखेरीज, कोणाचाही सल्ला मागू शकत नाही. प्रतिस्पर्ध्याला तो देऊही शकत नाही. 'आता कोणती स्टिक वापरलीस?' हा साधा प्रश्नही त्यात मोडतो. स्ट्रोक प्ले प्रकारात याला दोन फटक्यांचा दंड आहे. शिकायचे ते मैदानाबाहेर शिकून यावे, असा याचा अर्थ होतो.

सुरुवात भोकापासून

एकट्याने सराव करणारा नवखा खेळाडू रेंजवर आल्याबरोबर ड्रायव्हर उचलतो. त्यात आनंद आहे हे खरे. पण गुणपत्रिकेचा हिशेब वेगळे सांगतो. बहुतेक मोठ्या मैदानांचे 'पार', म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके, ७२ च्या आसपास असते. प्रत्येक होलवर दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे १८ होलचे ३६ फटके, नेमके निम्मे, पटरचे असतात. ड्रायव्हर फेरीत जास्तीत जास्त चौदा-पंधरा वेळा हाती येतो.

टेक्सासमधील हार्वी पेनिक हे प्रशिक्षक म्हणूनच भोकाकडून टीकडे, अशा उलट्या क्रमाने शिकवावे असे मानत. आधी छोटा पट, मग ग्रीनच्या कडेवरून चिप, मग अर्धा फटका आणि सर्वांत शेवटी पूर्ण स्विंग. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या टॉम काइटने १९९२ ची यूएस ओपन आणि बेन क्रेनशॉने १९८४ व १९९५ ची मास्टर्स जिंकली. या क्रमाचा फायदा असा, की छोट्या फटक्यात वेग कमी असल्याने आघाताची योग्य जाणीव हातांना लवकर होते आणि तीच पुढे मोठ्या फटक्यात उपयोगी पडते. अदिती अशोक टोकिओत लांब फटके मारणाऱ्या खेळाडूंच्या मागे असूनही अखेरच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहिली, ती मुख्यतः ग्रीनभोवतीच्या आणि ग्रीनवरच्या खेळाच्या बळावर. पटरचा सराव करावा असे नवख्याला आपणहून कधीच वाटत नाही. शिकवणीत तो करावाच लागतो.

पाठ, कोपर आणि इतरांची डोकी

गोल्फ दिसायला सौम्य असला तरी स्विंगमध्ये कण्याला मोठा पीळ पडतो. हौशी गोल्फपटूंमध्ये कंबरदुखी, कोपराचे आणि मनगटाचे दुखणे ही नेहमीची तक्रार असते. कोपराच्या आतील बाजूच्या एका दुखण्याला तर वैद्यकशास्त्रात 'गोल्फर्स एल्बो' असेच नाव आहे. कमरेऐवजी केवळ हातांच्या जोरावर मारणे, मूठ आवळून धरणे, पाठीचा बाक काढून उभे राहणे आणि अंग मोकळे न करता लागोपाठ दोनशे चेंडू मारणे ही त्यामागची नेहमीची कारणे. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाला हा धोका अधिक असतो. चांगला प्रशिक्षक पहिल्या भेटीतच जुन्या दुखापतींची चौकशी करतो आणि स्विंग त्या शरीराला झेपेल असा बसवतो. पाठीचा किंवा सांध्यांचा जुना विकार असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

दुसरा धोका इतरांना असतो. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरून सुटलेला चेंडूही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतो. पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याखेरीज मारू नये, स्विंग करणाऱ्याच्या मागे किंवा फार जवळ उभे राहू नये आणि चेंडू कोणाच्या दिशेने चालला तर क्षणाचाही विलंब न लावता 'फोर' असे ओरडावे, या गोष्टी पकड शिकण्यापूर्वी शिकायच्या असतात. त्या चित्रफितींत क्वचितच सांगितल्या जातात.

नियम आणि रीतभात

गोल्फमध्ये पंच प्रत्येक खेळाडूमागे फिरत नाही. आपला दंड आपणच जाहीर करायचा, हा या खेळाचा कणा आहे. त्यासाठी नियम ठाऊक हवेत. २०१९ मध्ये नियमांत मोठे बदल झाले. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा असे ठरले आणि ग्रीनवरून पट करताना झेंडा भोकातच ठेवण्याची मुभा मिळाली. जुन्या खेळाडूंकडून ऐकीव माहितीवर शिकणाऱ्यांच्या कानी अनेकदा जुनेच नियम पडतात.

रीतभातीचेही तसेच आहे. वाळूच्या खड्ड्यातून बाहेर पडताना आपल्या पाऊलखुणा दाताळ्याने पुसाव्यात, उखडलेला गवताचा तुकडा जागी बसवावा, ग्रीनवर चेंडू पडून झालेला खळगा दुरुस्त करावा, दुसऱ्याच्या पटच्या मार्गावर पाय देऊ नये. चौघांच्या गटाला १८ होलसाठी चार तास किंवा अधिक लागतात. एकाच्या रेंगाळण्याने मागचे सारे गट खोळंबतात. नवख्याची टिंगल वाईट फटक्याबद्दल सहसा होत नाही. खेळ रखडवल्याबद्दल आणि मैदान खराब केल्याबद्दल मात्र नाराजी ओढवते. अनेक क्लबांत नव्या खेळाडूला मैदानावर सोडण्यापूर्वी तेथील प्रशिक्षकाची संमती लागते, ती याच कारणासाठी.

प्रशिक्षक आणि शिकवणी

भारतात नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडिया ही संस्था प्रशिक्षकांना शिक्षण आणि प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्राची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक असेलच असे नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगणारा, कारण समजावून देणारा, शिकणाऱ्याचे वय आणि शरीर पाहून अपेक्षा ठेवणारा आणि पहिल्याच दिवशी महागडा संच गळ्यात न मारणारा प्रशिक्षक निवडावा. शक्य असल्यास त्याचा एखादा वर्ग आधी बाजूला बसून पाहावा.

प्रारंभी आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा धडे पुरेसे होतात. दोन धड्यांच्या मध्ये किमान दोनदा सराव हवा, अन्यथा शिकलेले मुरत नाही. वैयक्तिक शिकवणी परवडत नसेल तर तीन-चार जणांच्या गटात शिकावे; पकड, नेम आणि नियम हे विषय गटातही उत्तम शिकता येतात. मोबाइलवर संथ गतीने चित्रण करून ठेवणेही उपयुक्त, कारण आपण काय करत आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात काय करतो, यात मोठे अंतर असते. मात्र त्या चित्रणाचा अर्थ प्रशिक्षकाकडून लावून घ्यावा.

खर्चाचा प्रश्न रास्त आहे. पण बहुतेकांचा पैसा चुकीच्या क्रमाने खर्च होतो, आधी संच आणि मग शिक्षण. एका नव्या कोऱ्या नामांकित ड्रायव्हरच्या किमतीत अनेक धडे सहज होतात. सुरुवातीला रेंजवरच्या भाड्याच्या किंवा वापरलेल्या पाच-सहा स्टिक पुरतात. सात आणि नऊ क्रमांकाची आयर्न, एक वेज, एक हायब्रिड आणि पटर एवढ्यावर पहिले वर्ष काढता येते. दांड्याची लांबी आणि लवचिकता आपल्या उंचीला व वेगाला साजेशी कोणती, हे स्विंग थोडा स्थिरावल्यावरच कळते. मुलांसाठी प्रौढांची जड स्टिक कापून देणे टाळावे. वजनाने हलक्या स्टिक स्वतंत्र मिळतात.

शिकवणीतून काय मिळत नाही, हेही स्पष्ट असावे. सहा धड्यांत कोणी निष्णात होत नाही. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ ठेवला आहे; म्हणजे प्रत्येक होलवर पारपेक्षा सरासरी तीन फटके अधिक लागणाऱ्यालाही या खेळात मानाचे स्थान आहे. सराव, चिकाटी आणि वाईट दिवस सोसण्याची तयारी ज्याची त्यालाच आणावी लागते. प्रशिक्षक एवढेच करतो, की ती मेहनत चुकीच्या दिशेने वाया जाऊ देत नाही.

नवोदितांसाठी थोडक्यात

संच खरेदीपूर्वी किमान दोन-तीन धडे घ्यावेत.

पहिला महिना पकड, उभे राहणे, नेम आणि पटिंग यांनाच द्यावा.

सरावात जमिनीवर एक स्टिक आडवी ठेवून नेम तपासावा. पावलांची रेषा आणि चेंडूची रेषा रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर असाव्यात.

दोनशे चेंडू घाईने मारण्यापेक्षा पन्नास चेंडू विचारपूर्वक मारावेत. प्रत्येक वेळी नवे लक्ष्य ठरवावे.

एका वेळी एकाच प्रशिक्षकाचे ऐकावे. धडे सुरू असताना इतर सल्ले नम्रपणे ऐकून सोडून द्यावेत.

सरावापूर्वी दहा मिनिटे खांदे, कंबर आणि मांड्या मोकळ्या कराव्यात. दुखू लागल्यास त्या दिवशी थांबावे.

चटईबरोबरच, संधी मिळेल तेव्हा, गवतावरही सराव करावा.

मैदानावर प्रथम जाताना गर्दी नसलेली वेळ निवडावी आणि नऊ होलच खेळावेत.